घर घेण्याआधी हीटिंग यंत्रणा कशी तपासावी: थंड यंत्रापासून ताब्याच्या दिवसापर्यंत

थंड हवामानात घर पाहायला गेलेला खरेदीदार दारातून आत येतो, अंगाला ऊब लागते, आणि हीटिंग ठीक आहे असे मनाशी ठरवून तो पुढच्या खोलीकडे वळतो. चूक नेमकी इथेच होते. घर उबदार लागले, यावरून एवढेच कळते की गेल्या काही तासांत कुठून तरी उष्णता आली. ती किती जळण खर्चून आली, सगळ्या खोल्यांत पोहोचली का, जळणाचा धूर पूर्णपणे घराबाहेर गेला का आणि येत्या हिवाळ्यातही ती येणार का, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या उबेत नसते.

म्हणून पुढील सर्व टप्प्यांमागे एकच पद्धत आहे. यंत्रणा थंड असताना तिच्यासमोर उभे राहावे, ती आपल्या डोळ्यांदेखत सुरू करवून घ्यावी आणि मग उष्णता कोणत्या वाटेने खोलीपर्यंत जाते व धूर कोणत्या वाटेने बाहेर पडतो, या दोन्ही वाटा शेवटपर्यंत चालून पाहाव्यात. टप्प्यांचा क्रम बदलू नये, कारण आधीच्या टप्प्यातली माहिती हाताशी नसेल तर पुढच्या टप्प्यात दिसणाऱ्या गोष्टींचा अर्थ लागत नाही.

## टप्पा १: घरी जाण्याआधी कागद मागवा

भेटीच्या निदान आठवडाभर आधी विक्रेत्याकडून किंवा त्याच्या मध्यस्थाकडून पुढील गोष्टी लेखी मागवाव्यात:

- मागच्या दोन पूर्ण हिवाळ्यांसह २४ महिन्यांची गॅस, तेल व विजेची बिले;
- वार्षिक देखभालीच्या नोंदी आणि मोठ्या दुरुस्त्यांच्या पावत्या;
- यंत्र बसवल्याचे प्रमाणपत्र किंवा परवाना आणि शिल्लक हमीची कागदपत्रे;
- बॉयलर, पाणी तापवण्याची टाकी, हीट पंप (या यंत्रांची ओळख टप्पा ३ मध्ये आहे) किंवा जळणाची टाकी भाड्याने वा हप्त्याने घेतली असल्यास तो करार.

बिले वाचताना पैशांचा आकडा बाजूला ठेवून वापरलेली युनिट पाहावीत, कारण दर बदलत राहतात, घराची भूक मात्र फारशी बदलत नाही. उन्हाळ्यातल्या महिन्यांची सरासरी काढावी. तो वापर गरम पाणी, स्वयंपाक अशा रोजच्या कामांचा असतो. ती सरासरी हिवाळ्यातल्या प्रत्येक महिन्यातून वजा केली की जे उरते, तो हीटिंगचा ढोबळ वापर होय. उन्हाळ्यात वातानुकूलन चालत असेल तर विजेच्या बाबतीत ही वजाबाकी वसंतातल्या किंवा शरदातल्या सौम्य महिन्यांवरून करावी. सोबत दोन प्रश्न विचारावेत: घरात किती माणसे राहत होती, आणि थर्मोस्टॅट, म्हणजे खोलीचे तापमान ठरवणारे नियंत्रक, साधारण किती अंशांवर असे? दोन वृद्ध माणसे एकच खोली गरम ठेवून राहत असतील, तर त्यांचे कमी बिल पाच जणांच्या कुटुंबाला काहीच सांगत नाही.

भाडेकराराकडे खरेदीदारांचे हमखास दुर्लक्ष होते. यंत्र घरात बसवलेले आहे म्हणजे ते घराबरोबर विकले जात आहे, असे गृहीत धरू नये. करार खरेदीदाराच्या नावावर वर्ग होणार असेल तर त्याची उरलेली मुदत, मासिक रक्कम आणि मुदतीआधी सुटका करून घेण्याची अट वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

पडताळणी: देखभालीच्या नोंदींत एकच दुरुस्ती दोन-तीनदा आढळते का? "पाणी भरून दाब वाढवला" अशी नोंद दरवर्षी असेल, तर पाणी कुठेतरी झिरपत आहे आणि त्याचे कारण कोणी शोधलेले नाही.

## टप्पा २: तपासणीचा दिवस ठरवा आणि यंत्रणा बंद ठेवायला सांगा

विक्रेत्याला स्पष्ट विनंती करावी की आपण येण्यापूर्वी चार ते पाच तास हीटिंग बंद ठेवावे. बाहेर कडक गोठण असेल तर पूर्ण बंद करण्याऐवजी थर्मोस्टॅट बराच खाली आणायला सांगावे, कारण पाइपांतले पाणी गोठले तर तपासणीपायी नुकसान व्हायचे. या नियमाला एक अपवाद आहे. खोलीच्या फरशीखालून गरम पाणी फिरवणारी यंत्रणा काँक्रीटच्या जाड थरात असेल, तर ती तापायला अनेक तास लागतात. तिथे उलट आदल्या संध्याकाळी हीटिंग सुरू करून ठेवायला सांगावे आणि यंत्र सुरू होतानाचे निरीक्षण वेगळ्या भेटीत करावे.

उन्हाळ्यात घर घेत असलात तरी ही तपासणी टाळू नये. बॉयलर किंवा फर्नेस (हवा तापवणारे यंत्र) भर उन्हाळ्यातही थर्मोस्टॅट वर करून तासभर चालवता येते. हीट पंपाची गोष्ट निराळी आहे, ती टप्पा ८ मध्ये येईल.

बरोबर विजेरी, वही, कागदी रुमाल, उदबत्ती, दुरून तापमान मोजणारा साधा इन्फ्रारेड तापमापक, काळी चिकटपट्टी आणि जळणाच्या धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइड वायूची सूचना देणारा चालू स्थितीतला अलार्म घ्यावा. काळी चिकटपट्टी कशासाठी, असे वाटेल. हा तापमापक चकचकीत धातूवर रोखला तर खरे तापमान दाखवत नाही. तांब्याच्या पाइपावर पट्टीचा तुकडा चिकटवून त्यावर रोखला की आकडा विश्वासार्ह येतो. तपासणीसाठी किमान दोन तास राखून ठेवावेत आणि शक्यतो दोघांनी जावे: एक जण थर्मोस्टॅटपाशी, दुसरा यंत्रापाशी.

इशारा: घर बराच काळ रिकामे असेल आणि यंत्रणेतले पाणी काढून ठेवले असेल, तर कोणालाही ती सुरू करू देऊ नये. आधी तंत्रज्ञाकडून पाणी भरून, हवा काढून, गळती तपासून घ्यावी लागते.

## टप्पा ३: यंत्रणा कोणती आहे आणि किती जुनी आहे ते ओळखा

तीन प्रश्नांची उत्तरे वहीत लिहावीत: उष्णता कुठे तयार होते, ती कशातून वाहून नेली जाते आणि खोलीत कशातून बाहेर पडते. बॉयलर पाणी तापवतो आणि ते रेडिएटर (खोलीत भिंतीलगत बसवलेली, गरम पाण्याने तापणारी धातूची पोकळ पेटी) किंवा फरशीखालच्या नळ्यांतून फिरते. फर्नेस हवा तापवते आणि ती डक्टमधून, म्हणजे हवा वाहून नेणाऱ्या रुंद नळ्यांतून, येते. हीट पंप बाहेरच्या हवेतली किंवा जमिनीतली उष्णता आत आणतो आणि ती पाण्याला किंवा हवेला देतो. काही घरांत प्रत्येक खोलीत विजेचा वेगळा हीटर असतो. तो बसवायला स्वस्त आणि चालवायला महाग असतो, म्हणून तिथे टप्पा १ मधली बिले सर्वांत जास्त बोलतात. एकाच घरात दोन यंत्रणा असणेही नवलाचे नाही. वाढवलेल्या खोलीत कोणती आहे, हे मुद्दाम विचारावे.

प्रत्येक यंत्रावर एक माहितीपट्टी असते. तिचा स्पष्ट फोटो घ्यावा. त्यावर मॉडेल, अनुक्रमांक, क्षमता आणि बहुधा निर्मितीची तारीख असते; तारीख नसेल तर अनेक निर्माते ती अनुक्रमांकातच गुंफतात आणि निर्मात्याकडे विचारणा केली की ती कळते. "पाच-सहा वर्षांपूर्वीच बसवले" हे तोंडी उत्तर वहीत लिहावे, पण विश्वास पट्टीवर ठेवावा.

आयुष्याचे ढोबळ आडाखे असे आहेत. फर्नेस साधारण १५ ते २० वर्षे चालते. आधुनिक बॉयलर १५ ते २० वर्षे आणि जुना ओतीव लोखंडी बॉयलर नीट सांभाळल्यास ३० वर्षांपलीकडेही जातो. हवेवर चालणारा हीट पंप १२ ते २० वर्षे आणि पाणी साठवून तापवणारी टाकी ८ ते १२ वर्षे टिकते. मात्र वय हा एकटा निकष नव्हे. दरवर्षी देखभाल झालेले १४ वर्षांचे यंत्र मला कधीही हात न लावलेल्या ७ वर्षांच्या यंत्रापेक्षा जास्त भरवशाचे वाटते.

कार्यक्षमतेचा अंदाज धुराच्या नळीवरूनही येतो. नळी प्लास्टिकची असेल आणि यंत्रातून पाणी वाहून नेणारी एक बारीक नळी निघत असेल, तर ते यंत्र धुरातल्या वाफेचे पाणी करून तिचीही उष्णता वापरणारे, म्हणजे कंडेन्सिंग प्रकारचे आहे. त्याची कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या पुढे असू शकते. धातूची गरम नळी उभ्या धुराड्यात जात असेल, तर यंत्र बहुधा जुन्या पद्धतीचे, ८० टक्क्यांच्या आसपासचे किंवा त्याहून कमी असते.

हीट पंपाच्या पट्टीवर शीतकाचे, म्हणजे आत फिरून उष्णता वाहून नेणाऱ्या वायूचे, नाव पाहावे. ते आर-२२ असेल तर यंत्र जुने आहे आणि गळती झाल्यास ते पुन्हा भरणे अवघड किंवा अशक्य होईल, कारण ओझोनच्या थराला हानी पोहोचवणारा हा वायू मॉन्ट्रियल करारानुसार टप्प्याटप्प्याने बंद करण्यात आला आहे. अशा यंत्राची किंमत शून्य धरूनच सौदा करावा.

## टप्पा ४: यंत्र बंद असताना जवळून पाहा

यंत्र सुरू करण्याची घाई होते आणि हा टप्पा हमखास गाळला जातो. थंड यंत्र मात्र बरेच काही सांगून जाते.

बंदिस्त नळ्यांतून पाणी फिरवणाऱ्या यंत्रणेत प्रथम दाबमापक पाहावा. बहुतेक घरगुती यंत्रणांत थंड असताना दाब साधारण १ ते १.५ बार (बार हे दाबाचे एकक) असतो. आकडा लिहून ठेवावा, कारण पुढे त्याच्याशी तुलना करायची आहे. मग सुरक्षा झडपेची नळी शोधावी. ती बहुतेकदा घराबाहेर उघडते आणि तिचे तोंड भिंतीकडे वळवलेले असते. तिच्या तोंडाशी पांढरा क्षार साठलेला असेल किंवा खालच्या भिंतीवर पांढरट ओघळ उतरलेला असेल, तर झडप वारंवार उघडत आहे. याचे नेहमीचे कारण विस्तार टाकीतली हवा गेलेली असणे हे असते: तापलेले पाणी फुगते, त्याला जागा मिळत नाही, दाब चढतो आणि झडप पाणी बाहेर टाकते. मग थंड झाल्यावर दाब उतरतो आणि घरमालक नव्याने पाणी भरतो. प्रत्येक नव्या पाण्याबरोबर नवा ऑक्सिजन आत जातो आणि रेडिएटर आतून गंजत राहतात. टाकी बदलणे हे लहान काम आहे, पण वर्षानुवर्षे साठलेला गंज हे लहान काम नव्हे.

त्यानंतर सांध्यांवरचे हिरवे किंवा तांबूस डाग, यंत्राखालच्या जमिनीवरची पाण्याची वर्तुळे, झाकणाच्या कडांवरची काजळी आणि रंग जळून तपकिरी झालेला पत्रा या खुणा पाहाव्यात. यंत्राच्या खाली नुकतीच रंगवलेली फरशी किंवा नवी चटई असेल तर विनंती करून ती उचलून पाहावी.

फर्नेसमध्ये हवेचे फिल्टर बाहेर काढायला सांगावे. धुळीने गच्च झालेले फिल्टर स्वतः स्वस्त असते, पण ज्या घरात ते बदलले गेलेले नाही त्या घरात बाकीची देखभालही झालेली नसते, असा माझा अनुभव आहे.

इशारा: जुन्या पाइपांवर किंवा डक्टच्या सांध्यांवर पांढरट-राखाडी, प्लास्टरसारखे किंवा नालीदार पुठ्ठ्यासारखे वेष्टण दिसल्यास त्याला हात लावू नये, ते खरवडू नये. त्यात ॲस्बेस्टॉस, म्हणजे फुप्फुसांना घातक असे तंतुमय खनिज, असू शकते. नमुना घेणे हे प्रशिक्षित माणसाचे काम आहे आणि ते काढण्याचा खर्च सौद्यात धरावा लागतो.

## टप्पा ५: यंत्र सुरू करा आणि पहिली वीस मिनिटे तिथून हलू नका

थर्मोस्टॅट खोलीच्या तापमानापेक्षा पाच-सहा अंश वर न्यावा. सुरू करण्याचे काम विक्रेत्याने किंवा तंत्रज्ञाने करावे, आपण नव्हे. सोबतच्या माणसाने वेळ नोंदवावी.

गॅसच्या आधुनिक फर्नेसमध्ये क्रम असा असतो: आधी धूर ओढणारा लहान पंखा फिरतो, मग ठिणगी किंवा तापलेली कांडी ज्योत पेटवते आणि ज्योत स्थिर झाल्यावर थोड्या वेळाने मोठा पंखा खोल्यांकडे हवा ढकलू लागतो. ज्योत पेटण्याचे दोन-तीन प्रयत्न फसणे, पेटताना धाडकन आवाज होणे किंवा पेटून काही सेकंदांत विझणे, ही दोषाची लक्षणे आहेत.

निरीक्षणाच्या काचेतून ज्योत पाहता येत असेल तर ती निळी आणि स्थिर असावी. पिवळी, आळसावून वर चाटत जाणारी ज्योत अपुरे ज्वलन दाखवते. मोठा पंखा सुरू होण्याच्या क्षणी मात्र विशेष लक्ष ठेवावे. तोपर्यंत शांत असलेली ज्योत नेमकी त्याच क्षणी हलू किंवा झुकू लागली, तर पंख्याची हवा ज्योतीच्या कप्प्यात शिरत असण्याची शक्यता असते. म्हणजे दोहोंमधली धातूची भिंत, जिला हीट एक्स्चेंजर म्हणतात, तडकलेली असू शकते. याचा निर्णय आपण करू नये. तंत्रज्ञाला कॅमेरा आत घालून पाहायला सांगावे. पण हा संशय वहीत लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

बॉयलरमध्ये कान द्यावा. किटलीत पाणी उकळताना होतो तसा खदखदणारा आवाज आला, तर आत क्षार किंवा गाळ साठून पाण्याचा प्रवाह अडत आहे. दाबमापकाचा काटा यंत्रणा तापेल तसा थोडा चढावा. २ बारच्या आसपास थांबणे ठीक, ३ बारकडे धावणे ठीक नव्हे, कारण घरगुती यंत्रणांतली सुरक्षा झडप सर्वसाधारणपणे ३ बारला उघडते.

यंत्र दोन-तीन मिनिटे पेटून बंद पडते आणि पुन्हा पेटते, असे सतत होत असेल तर बहुतेकदा त्याची क्षमता घराच्या गरजेपेक्षा फार मोठी असते किंवा प्रवाह कुठेतरी अडलेला असतो. "मोठे यंत्र म्हणजे चांगले यंत्र" हा समज इथे सोडून द्यावा. गरजेपेक्षा मोठे यंत्र जास्त वेळा पेटते, लवकर झिजते आणि जळणही वाया घालवते.

इशारा: गॅसचा वास आला तर तपासणी तिथेच संपली. दिवा लावू किंवा मालवू नये, काडी पेटवू नये, सर्वांना बाहेर काढावे आणि बाहेर गेल्यावरच आपत्कालीन क्रमांकावर कळवावे. बरोबर आणलेला अलार्म वाजला तरी हेच करावे.

## टप्पा ६: धुराची वाट बाहेरपर्यंत चालून पाहा

खोलीतले दोष थंडी देतात, धुराच्या वाटेतले दोष जीव घेतात. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि त्याची पहिली लक्षणे म्हणजे डोकेदुखी, मळमळ आणि थकवा, जी माणूस सर्दी-तापाची समजतो.

ज्या जुन्या यंत्रांत धुराच्या नळीखाली उघडी टोपी असते, तिथे पुढील चाचणी करावी. गॅसचा वास नाही याची खात्री करून घ्यावी. घराची दारे-खिडक्या बंद कराव्यात, स्वयंपाकघरातला आणि न्हाणीघरातला हवा बाहेर फेकणारा पंखा सुरू करावा, यंत्र पाच मिनिटे चालू द्यावे आणि मग पेटलेली उदबत्ती त्या टोपीच्या कडेजवळ धरावी. धुराची रेघ आत ओढली जावी. ती खोलीकडे वळत असेल, तर पंख्यांच्या ओढीने जळणाचा धूरही घरात येत आहे. यंत्र लगेच बंद करवावे, दारे उघडावीत आणि तंत्रज्ञाच्या अहवालाशिवाय सौद्याची पुढची पायरी चढू नये.

आणखी एक सापळा असा आहे. पूर्वी जुनी फर्नेस आणि जळणावर पाणी तापवणारी टाकी एकाच धुराड्यात धूर सोडत असत. नंतर फर्नेस बदलून कंडेन्सिंग प्रकारची घेतली, तिची प्लास्टिकची नळी भिंतीतून बाहेर काढली आणि धुराड्यात एकटी पाण्याची टाकी उरली. तिच्या थोड्याशा धुराला ते धुराडे फार मोठे पडते. धूर वर जाण्याआधी थंड होतो, ओढ कमी होते आणि वाफेचे पाणी होऊन विटा आतून खराब होतात. चकाकणारे नवे यंत्र पाहून खरेदीदार खूश होतो आणि शेजारच्या जुन्या टाकीकडे कोणी पाहत नाही. अशा घरात धुराड्याच्या आत योग्य मापाची धातूची नळी बसवली आहे का, हे विचारावे.

बाहेर जाऊन नळीचे तोंड पाहावे. कंडेन्सिंग यंत्राच्या तोंडातून थंडीत पांढरी वाफ निघणे स्वाभाविक आहे. भिंतीवर काळी काजळी, तोंडाशी पक्ष्याचे घरटे किंवा अगदी लगतची उघडणारी खिडकी ही मात्र नोंद करण्याजोगी बाब आहे.

पडताळणी: घरातले कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म उलटे करून मागची तारीख वाचावी. त्यांचे आयुष्य प्रकारानुसार साधारण ५ ते १० वर्षे असते. मुदत उलटलेला अलार्म भिंतीवर असणे म्हणजे अलार्म नसणेच होय.

## टप्पा ७: उष्णता शेवटच्या खोलीपर्यंत पोहोचते का ते पाहा

सुरू केल्यापासून वीस-तीस मिनिटांनी खोल्यांची फेरी सुरू करावी आणि यंत्रापासून सर्वांत दूरच्या खोलीपासून आरंभ करावा. विक्रेता बहुधा जवळची, लवकर तापणारी खोली आधी दाखवतो.

रेडिएटर. प्रत्येक रेडिएटरची झडप पूर्ण उघडावी आणि वर, खाली, मध्ये व दोन्ही पाइपांवर तापमान मोजावे. हाताने तपासताना सांभाळावे, कारण पाणी ६०-७० अंश सेल्सिअसचे असू शकते. वरचा भाग थंड आणि खालचा गरम असेल तर आत हवा अडकली आहे. हे किरकोळ आहे. वरचा गरम आणि खालचा मधला भाग थंड असेल तर तळाशी गंजाचा गाळ बसला आहे. हे किरकोळ नाही. सगळाच रेडिएटर थंड असेल तर झडप अडकलेली असू शकते किंवा यंत्रणेचे संतुलन बिघडलेले असू शकते. एकच रेडिएटर थंड असणे आणि एका मजल्यावरचे सगळे थंड असणे यांत मोठा फरक आहे, म्हणून आराखडा काढून त्यावर आकडे लिहावेत.

मी स्वतः एकदा या ठिकाणी फसलो आहे. मागच्या खोलीतला रेडिएटर कोमट होता आणि "ही खोली आम्ही वापरत नाही, म्हणून झडप कमी ठेवली आहे" असे सांगण्यात आले, ते मी मानले. ताबा मिळाल्यावर तंत्रज्ञाने हवा काढण्याची झडप किंचित सैल केली आणि खाली धरलेल्या पांढऱ्या फडक्यावर पाण्याऐवजी शाईसारखा काळा द्रव उतरला. बोटांत चोळल्यावर तो बारीक पिठासारखा लागला. तो रेडिएटरच्या पोलादाचाच गंज होता. सगळी यंत्रणा धुवून काढावी लागली, दोन रेडिएटर बदलावे लागले आणि पाणी फिरवणारा पंपही गेला. तेव्हापासून मी विक्रेत्याच्या परवानगीने, तंत्रज्ञाच्या हातून, निदान एका रेडिएटरमधले चमचाभर पाणी पांढऱ्या फडक्यावर काढायला सांगतो. स्वच्छ किंवा फिकट पाणी आले तर समाधान मानावे. काळे आले तर संपूर्ण सफाईचा आणि चुंबकीय गाळणीचा खर्च मागावा.

डक्ट. प्रत्येक जाळीपुढे कागदी रुमाल धरावा. तो स्पष्टपणे उडायला हवा. हवा परत खेचणाऱ्या जाळीवर तोच रुमाल चिकटून राहायला हवा. यंत्राजवळच्या जाळीतून येणाऱ्या हवेचे आणि परत जाणाऱ्या हवेचे तापमान पंधरा मिनिटांनंतर मोजून त्यांतला फरक काढावा. तो फरक माहितीपट्टीवर छापलेल्या मर्यादेत असावा. जास्त असेल तर हवा पुरेशी वाहत नाही, कमी असेल तर ज्वलन कमी होत आहे किंवा थंड हवा कुठून तरी आत शिरत आहे. माळ्यावर किंवा जमिनीखालच्या पोकळीत जाता आले तर डक्टचे सांधे पाहावेत. निखळलेला एक सांधा संपूर्ण हिवाळाभर माळा गरम करत राहतो आणि बिल मात्र घरात येते.

जमिनीखालच्या नळ्या. ज्या पेटीतून सर्व नळ्या फुटतात ती उघडून पाहावी, नळ्यांच्या फेऱ्या मोजाव्यात आणि कोणती फेरी कोणत्या खोलीची आहे याची नोंद तिथे आहे का ते पाहावे. प्रत्येक फेरीचा प्रवाहमापक असेल तर तो शून्यावर नसावा. बंद करून ठेवलेली फेरी गळकी असू शकते, आणि ती दुरुस्त करायला फरशी फोडावी लागते. इथे तपासनिसाकडे उष्णता दाखवणारा कॅमेरा असला तर अवश्य वापरवावा.

## टप्पा ८: हीट पंप असेल तर

हीट पंपाच्या बाबतीत उबदार घर सर्वांत जास्त फसवते. हवेवर चालणाऱ्या बऱ्याच हीट पंपांना जोडून विजेची साधी तापककांडी असते आणि पंप बंद पडला तर ती निमूटपणे सगळे काम अंगावर घेते. घर गरम राहते, पण चालू हीट पंप विजेच्या एका युनिटमागे साधारण अडीच ते चार युनिट उष्णता देतो, तर कांडी एकास एकच देते. हा फरक फक्त बिलात दिसतो.

म्हणून थर्मोस्टॅटवर सहायक किंवा आपत्कालीन हीटिंगची खूण दिसते का ते पाहावे आणि मग घराबाहेर यावे. बाहेरचे यंत्र फिरत असायला हवे आणि त्यातून निघणारी हवा आजूबाजूच्या हवेपेक्षा थंड लागायला हवी, कारण तिच्यातली उष्णता काढून घेतलेली असते. थंड दमट दिवशी जाळीवर पातळ, सारखे दव-बर्फ धरणे नेहमीचे आहे. अधूनमधून पंखा थांबतो, बर्फ वितळते आणि वाफेचा लोट निघतो. तो धूर समजून घाबरू नये. जाड, न वितळणारे बर्फाचे ढेकूळ मात्र दोष दाखवते.

बाहेर उष्मा असताना पंप हीटिंगवर बराच वेळ चालवू नये, यंत्रावर ताण येतो. निर्मात्याने दिलेली तापमानाची मर्यादा पाळावी. त्यामुळे उन्हाळ्यातल्या खरेदीत हीटिंगची पूर्ण चाचणी होत नाही आणि तिची भरपाई करारातल्या अटीने करावी लागते.

घरात सध्या बॉयलर आहे आणि पुढे हीट पंप बसवण्याचा विचार आहे, अशा खरेदीदाराने थंड दिवशी बॉयलरच्या पाण्याचे तापमान ५० ते ५५ अंशांवर आणून घर पुरेसे तापते का, हे पाहावे. तापत असेल तर रेडिएटर बहुतांशी चालतील. नसेल तर ते बदलण्याचा खर्चही पंपाच्या खर्चात मिळवावा.

## टप्पा ९: जळणाचा साठा आणि लाकडाची शेगडी

तेलावर चालणाऱ्या घरात टाकीचे पाय, तळ आणि शिवणी पाहाव्यात. पोलादी टाकी बहुधा आतून, तळाशी साठलेल्या पाण्याने गंजते, त्यामुळे बाहेरचा नवा रंग काही सिद्ध करत नाही. आज गॅसवर चालणाऱ्या घराच्या अंगणातही जमिनीतून वर आलेले, वापरात नसलेले दोन लोखंडी पाइप शोधावेत. तेल भरण्याचा आणि हवा सोडण्याचा पाइप मागे राहिला असेल तर जमिनीखाली जुनी टाकी असू शकते. तिच्या गळतीने माती दूषित झाली असल्यास ती काढण्याचा खर्च नव्या बॉयलरपेक्षा कितीतरी जास्त होऊ शकतो. टाकी रीतसर काढल्याचा कागद मागावा. कागद नसेल तर जमिनीची तपासणी करवून घ्यावी.

लाकडाची शेगडी असेल तर धुराडे शेवटचे कधी साफ केले, ते विचारावे. आत चिकटलेला डांबरासारखा थर पेट घेतो. घराचा विमा देणारी संस्था शेगडी बसवल्याचे प्रमाणपत्र मागते का, हे आधीच विचारून घ्यावे.

## टप्पा १०: तज्ज्ञाचा अहवाल, करार आणि ताबा

इथवरची पाहणी तज्ज्ञाची जागा घेत नाही. तज्ज्ञाला नेमके काय विचारायचे हे ती सांगते. घराची सर्वसाधारण तपासणी करणारा माणूस यंत्राचे झाकण सहसा उघडत नाही, तो दिसेल तेवढेच लिहितो. त्याच्या अहवालात "यंत्र चालू स्थितीत आढळले" एवढेच वाक्य असेल तर त्यावर विसंबू नये. परवानाधारक हीटिंग तंत्रज्ञ वेगळा बोलवावा, तो विक्रेत्याने सुचवलेला नसावा, आणि त्याला आपली वही दाखवावी. ज्वलनाचे मोजमाप, हीट एक्स्चेंजरची पाहणी, विस्तार टाकीचा दाब आणि संशयित खोल्या ही कामे त्याच्याकडून लेखी घ्यावीत. मोठे बदल सुचवले गेल्यास खोलीगणिक उष्णता-हानीचा हिशेब मागावा. जुन्या यंत्राच्या आकाराचेच नवे यंत्र बसवणे हा हिशेब नव्हे.

हे सगळे काम करार बंधनकारक होण्यापूर्वी व्हायला हवे. त्या आधी अहवालातल्या प्रत्येक दोषाचे तीनपैकी एक ठरवावे: विक्रेता परवानाधारक तंत्रज्ञाकडून दुरुस्त करून पावती देईल, किंमत तेवढी कमी होईल, किंवा ठरावीक रक्कम तिसऱ्या पक्षाकडे राखून ठेवली जाईल. हीट पंपाची हंगामाअभावी चाचणी झाली नसेल तर तिसरा मार्ग योग्य. किंमत कमी करून घेणे मला विक्रेत्याच्या दुरुस्तीपेक्षा बरे वाटते, कारण घर सोडून जाणारा माणूस स्वस्तात स्वस्त दुरुस्ती करतो. धुराच्या वाटेतला दोष मात्र याला अपवाद आहे. तो ताब्यापूर्वीच दुरुस्त झाला पाहिजे.

ताब्याच्या दिवशी पुन्हा एकदा यंत्र थंड स्थितीतून सुरू करवावे आणि दाबमापकाचा आकडा पहिल्या भेटीच्या आकड्याशी ताडून पाहावा. मीटरचे आणि टाकीतल्या तेलाच्या पातळीचे तारखेसह फोटो घ्यावेत. थर्मोस्टॅट विक्रेत्याच्या फोनशी जोडलेला असेल तर तो त्याच्या खात्यातून काढून घ्यावा, नाहीतर नव्या घराचे हीटिंग जुन्या मालकाच्या हातात राहते. यंत्रांच्या माहितीपुस्तिका, हमीपत्रे आणि रेडिएटरची हवा काढण्याची लहान चावी मागून घ्यावी, आणि गॅस, तेल व पाण्याचे मुख्य कॉक कुठे आहेत ते विक्रेत्याकडून प्रत्यक्ष दाखवून घेऊन एकदा बंद-उघड करून पाहावेत.